सायकलची चेन

गळ्यात माग काढणारे रेडिओ-पट्टे बांधलेले कोल्हे जंगलात एकमेकांना भेटण्याची शक्यता किती, याचं गणित मांडणं हे तिचं काम. ती रात्रपाळीहून पहाटे कधीही परतायची, तरी बेकरीत कामाला निघालेल्या बाबांशी गल्लीच्या कोपऱ्यावर रोज भेट व्हायचीच, कारण त्यांच्या सायकलची चेन नेमकी तिथंच पडायची. आज गंमत म्हणून तिनं दोघांच्या येण्याजाण्याचंही गणित करून पाहिलं होतं. “बाबा, आपण महिन्यातून जेमतेम एकदा भेटायला हवं!” “मग गणित चुकलं असेल,” चेनपाशी बसलेले बाबा म्हणाले. “छे! त्यात एकच गोष्ट गृहीत धरलीय, कोणी कोणासाठी थांबत नाही.” बाबांनी उठायला हात पुढे केला. तो धरून ती बघतच राहिली. हाताला वंगणाचा डागही नव्हता. “उद्याही पडेल का हो चेन?” “पडणारच,” बाबा टांग टाकत म्हणाले, “जुनी सायकल आहे बाई!”