आढ्याला टांगलेली बंदूक
आढ्याला दोरीने टांगलेली भरलेली बंदूक आमच्यामध्ये गरगर फिरत होती, तिची वात धुमसत होती आणि आम्ही सातजण गोल बसून साके पीत होतो. आमच्या सात्सुमा संस्थानात तरुणांची छाती अशीच पारखत. ज्याची मान हलली, तो सामुराई नव्हे. "काय रे, घाम फुटला का?" आमचा म्होरक्या गेनपाची मला डिवचत म्हणाला. तेवढ्यात बार उडाला. गोळी त्याच्याच धाकट्या भावाच्या, यासुकेच्या, गळ्यात घुसली. गेनपाचीने मान वळवली नाही. "कुणी हलायचं नाही. पेले संपवा," तो म्हणाला. मी एकटा उठलो आणि दोन्ही हातांनी तो गळा दाबून धरला. यासुके माझ्या बोटांमधून वाहून गेला. त्याच दिवशी मला भित्रा ठरवून गटातून हाकललं. पुढे संस्थानं मोडली आणि साऱ्या देशाची एकच फौज झाली. गेनपाची सेनापती झाला आणि मी त्याच्याच फौजेत जखमा बांधत राहिलो. आज समोरच्या शत्रूच्या टेकडीवर त्याने चौथी तुकडी धाडली आणि तीही कापली गेली. रक्ताळलेल्या हातांनीच मी त्याच्या तंबूत शिरलो. "दादा, पुरे करा. प्रेतं उचलायलाही माणसं उरली नाहीत." त्याने पेला तोंडाला लावला. "म्हातारा झालास, पण भित्रा तो भित्राच राहिलास की रे." "तेव्हा बंदूक आपली आपण फिरत होती, दादा. आज ती तुम्ही फिरवताय. आणि गोलात तुम्ही स्वतः बसलेलेच नाहीत." त्याची मान हलली नाही. पेला संपवून तो म्हणाला, "पाचवी तुकडी."