बोगद्यातली टकटक

"आला! परत आला आवाज!" पंपवाल्याची आई स्पीकरला कान लावून ओरडली. "माझाच आहे तो. घरी आला तरी दारावर असंच टकटक करतो मेला. बेल दाबायचा कंटाळा."

तंबूतले सगळे स्पीकरभोवती जमले. टक. मग थोडं थांबून, टक-टक.

बोगद्याचं छत कोसळलं तेव्हा बाकीचे मजूर धावत बाहेर पडले होते. पाणी उपसणारा पंपवाला तेवढा आत राहिला. डोंगरावरून भोक पाडून खाली मायक्रोफोन सोडायचा ठरला आणि त्यासाठी एका स्टुडिओतून साउंडवालीला बोलावून घेतलं. भोकाच्या तोंडाशी तिनं एक डबा बसवला. आवाजाचे तिथंच आकडे, म्हणजे डिजिटल सिग्नल, व्हायचे आणि लांबलचक केबलमधून ते तंबूतल्या रेकॉर्डरपर्यंत यायचे. वाटेत जनरेटर धडधडत होता, म्हणून केबल बॅलन्स्ड. दोन तारांतून एकच सिग्नल उलटसुलट जातो आणि बाहेरून घुसलेली गुरगुर शेवटी आपोआप वजा होते.

"हे यंत्र म्हणजे आमच्या सासूबाई," मुकादम म्हणाला होता. "भिंतीपलीकडची कुजबूजसुद्धा सोडणार नाही." कुणी हसलं नव्हतं.

त्या वेळी कामावरच्या साहेबांचं मन खोदकाम थांबवण्याकडेच झुकलं होतं. छत कच्चं होतं, आणखी माणसं जायची भीती होती. बोगद्याचं तोंड काँक्रीटनं कायमचं बुजवा, असं वरून सांगणं आलं होतं. तेवढ्यात ही टकटक सुरू झाली आणि आई म्हणाली, माझाच आहे. आता साहेब काय बोलणार? मुकादम आपली माणसं घेऊन पुन्हा आत शिरला.

साउंडवालीच्या कानांवर सकाळपासून हेडफोन होते. दुपारकडे तिला काहीतरी खटकायला लागलं. दगडावर कुणी ठोकलं तर मागे घुमायला हवं, इथे घुमणं नव्हतं. खाली कुठेतरी पाणी ठिबकत होतं. टक वाजली की त्या थेंबाचा आवाज मध्येच तुटायचा.

ती उठली आणि केबल हातानं चाचपत निघाली. जनरेटरच्या पलीकडे एक जोड होता. तिनं वाकून पाहिलं. घाईघाईत तिनंच तिथे डिजिटल केबलऐवजी साधी माइकची केबल जोडली होती. दोन्हींच्या टोकांना सारख्याच तीन पिना, वरून ओळखू येत नाही. माइकची केबलही बॅलन्स्डच, पण डिजिटल सिग्नल तिच्यातून फार लांब धड जात नाही. तो अडखळतो. आणि अडखळला की टक वाजते.

तिनं योग्य केबल जोडली आणि परत येऊन हेडफोन चढवले. पाणी ठिबकत होतं. श्वास नाही, कण्हणं नाही. कितीतरी वेळ ती डोळे मिटून ऐकत राहिली. नुसतं पाणी.

"पोरी," आईनं विचारलं, "गप्प का झाला गं तो?"

"थकला असेल, मावशी."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "थकून कसं चालेल? साहेब येतायत आता."

साउंडवालीला तिच्याकडे बघवेना. खरं सांगायला जीभ रेटेना. ती बाहेर गेली. चांगली केबल काढली, माइकची पुन्हा घातली. साहेब तंबूत शिरले तेव्हा स्पीकर बोलत होता. टक. टक-टक.

"चालू ठेवा," साहेब बाहेर आलेल्या मुकादमाला म्हणाले.

मुकादम हेल्मेट चढवून पुन्हा आत निघाला. आत खडी घसरल्याचा आवाज आला की ती उठून बोगद्याच्या तोंडाकडे बघायची. एखाद्याच्या डोक्यावर दगड पडला, तर तो तिनंच टाकलेला असणार होता. कुणी चहा आणून दिला, तो तसाच निवून गेला. दोनदा ती साहेबांपाशी जाऊन उभी राहिली आणि दोनदा परत फिरली.

शेवटी मुकादम बाहेर आला, हेल्मेट हातात घेऊन. त्याच्या मागून स्ट्रेचर आलं, वर चादर. बाकीची माणसं धडधाकट होती. डॉक्टर वाकले आणि लगेच उठले.

"छत पडलं तेव्हाच गेलाय," ते म्हणाले. "हाल झाले नाहीत."

साहेबांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग साउंडवालीकडे, आणि मान फिरवली.

आई खाली बसून लेकाच्या केसांतली माती पदरानं टिपत होती. साउंडवाली तिच्या शेजारी बसली.

"मावशी, ती टकटक त्याची नव्हती. माझी केबल चुकली होती. कळल्यावरसुद्धा मी ती तशीच ठेवली. तुमची आशा मोडायचं धाडस होईना हो."

आईचा हात थांबला नाही.

"आशा कसली, पोरी? तोंड बुजवलं असतं तर हा माझ्या हाती तरी लागला असता का?" तिनं त्याच्या पापण्यांवरची धूळ पुसली. "छत पडलं तेव्हा हा माझ्याशीच बोलत होता, बोगद्यातल्या फोनवरून. त्याचा शेवटचा शब्द मी तेव्हाच ऐकला."