वाढत्या अंगाचे

ओमप्रकाशने हिंगणघाटच्या दुकानातून दोन डर्ट बाईक घेतल्या. एक स्वतःसाठी, एक लहानग्या आकांक्षासाठी. हेल्मेट तिच्या डोक्यावर डुलत होते.

“बाबा, टोपलं घातल्यावानी वाटते!” ती हेल्मेटच्या आतून हसली.

“भाऊ, हेल्मेट घट्टच पाह्यजे,” दुकानदार म्हणाला.

“पोरगी वाढून राह्यली ना. दोन वर्षं तरी चालाले पाह्यजे.”

वेणा नदीच्या खडकाळ काठावर, पहिल्याच उडीत, हेल्मेट निसटले. आकांक्षा घरी परतली नाही. हेल्मेट परतले, एक ओरखडाही न पडलेले.

जूनमध्ये धाकट्या गोपालसाठी शाळेचे बूट काढताना चपला-बुटांच्या दुकानदाराने सवयीने मोठा जोड पुढे केला. “वाढतं अंग हाय, भाऊ. एक नंबर मोठाच घ्या.”



“नाई,” ओमप्रकाश म्हणाला, “आज बसते तेच द्या.”