पारूबाईंचा हात

तपासणी केंद्राच्या बाकावर गेनूभाऊंना धड बसवत नव्हतं. तंबाखू सोडून पंधरवडा झाला होता, तरी अंगठा रिकाम्या तळहातावर मळतच होता.

"हात स्वस्थ ठेवा हो काका," यंत्राजवळची रेश्मा म्हणाली. "जंतू घाबरतील."

रोग मारायला जमिनीत विषारी वायू सोडण्यावर बंदी आल्यापासून टोमॅटोच्या मुळांची राखण हे जंतूच करत. ते माणसाच्या तळहातावर वाढत आणि रोपं लावताना त्याच हातानं मातीत उतरत. गेनूभाऊंच्या रानात तो हात त्यांच्या बायकोचा, पारूबाईंचा होता. पारूबाई दिवाळीत गेल्या आणि मागोमाग अर्धं रान मर रोगानं वाळलं. केंद्रानं दिलेले जंतू गेनूभाऊंच्या हातावर तंबाखूच्या चुन्यानं टिकतच नव्हते. आजही हात नापास झाला, तर रान पडीक राहणार होतं.

यंत्रावर हिरवा दिवा लागला. रेश्मानं पडद्याकडे पुन्हा निरखून पाहिलं.

"काका, आम्ही दिलेले जंतू हे नाहीतच. हे काकूंचे आहेत. त्यांचं खुरपं वापरता का?"

"रोज," गेनूभाऊ म्हणाले.

बाहेर शेजारचा भिकाजी तंबाखूची चंची उघडून उभा होता. "झालास ना पास? मग घे चिमूटभर. वहिनी काही बघायला येत नाहीत आता."

गेनूभाऊंनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तूच मळ," ते म्हणाले, "आणि टाक माझ्या तोंडात."