दुपारची गाढ झोप

बाबांचं जुनं स्मार्टवॉच रोज दुपारी लेकीच्या फोनवर एकच गोष्ट कळवायचं: गाढ झोप, तीन तास.

"बाबा, दुकानात झोपा काढता?"

"झोपायला वेळ कुणाला आहे! रफू करत बसलो होतो."

घड्याळालाच म्हातारचळ लागलाय, असं ठरवून एका दुपारी ती नवं मॉडेल घेऊन रफूच्या दुकानात शिरली. "हे फसत नाही," विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. "माणूस जागा म्हणजे जागाच दाखवणार."

बाबांच्या मांडीवर कुणाची तरी विरलेली शाल होती. घड्याळ बांधलेल्या डाव्या हाताने त्यांनी ती खालून ताणून धरली होती आणि तो हात जराही हलत नव्हता. उजव्या हातातली सुई भोकाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला सावकाश जात होती, परत येत होती. श्वास अगदी संथ. ओठांवर दूरच्या गावाला सुखरूप पोचल्यासारखं हसू.

"बाबा." मग जरा मोठ्याने, "अहो बाबा!"

हूं की चूं नाही.

रात्ररात्र या कुशीवरून त्या कुशीवर होणारे बाबा तिला आठवले. तिने नवं घड्याळ पर्समध्ये परत टाकलं, चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत बाहेर येऊन दार अलगद ओढून घेतलं.

पायरीशी एक गिऱ्हाईक फाटका कोट घेऊन उभं होतं. "आहेत का आत?"

"आहेत," ती कुजबुजली, "पण आत्ताच डोळा लागलाय. तासाभराने या."