चिवट जात

"काका, या खेपेला असा मासा द्या की जो मरणारच नाही," ती अगदी रडकुंडीला आली होती.

"मागच्या गोल्डफिशचं काय झालं?"

"नवऱ्याने टाकी साबणाने धुतली."

"आणि त्याआधीचा फायटर?"

"त्याला खायला घालायचंच विसरला."

दुकानदाराने कपाळावर हात मारला. मग जाळी घालून गपी माशांची एक जोडी पाण्याच्या पिशवीत सोडली. "ही चिवट जात आहे, एखाद-दोन दिवस उपाशी राहिली तरी तग धरेल. पण ताई, त्यांना जमत नाही तर तुम्हीच का नाही बघत?"

तिने पिशवी छातीशी धरली.



"मी आहे तोवर त्याला जमायलाच हवं, काका. डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि आमची पोर अजून रांगतेय."