वाट बघणारं घर

कुंभार्ली घाट आजही तुंबला होता. गाड्या आता आपल्या आपण चालत, पण मे महिना तो मे महिनाच. अशा वेळी ज्याची घरी कुणी वाट बघत असेल, त्याची गाडी आधी सुटे.

गुहागरच्या प्रमिलाकाकूंकडे कित्येक वर्षांत कुणी आलं नव्हतं. फोनवर घाटातली रांग बघताना त्यांना एका गाडीत रडून लाल झालेलं बाळ दिसलं. त्यांनी फोनवरूनच घाटातल्या गाड्या सोडणाऱ्या यंत्रणेला बेधडक सांगून टाकलं, "ती आमची माणसं. मी वाट बघतेय."

दुपारी ती गाडी थेट काकूंच्या अंगणात येऊन थांबली. वाट बघणाऱ्याच्या दारात न्यायचं, एवढंच तिला ठाऊक.

बाळाची आई ओशाळली. "आमचं हॉटेल पुढे आहे. गाडी चुकली वाटतं."

"चुकली नाही," काकू म्हणाल्या. "हातपाय धुवा, मी पानं घेते."